परतीच्या वाटेवर मांडी घालून

मी ड्रायव्हिंग शिकवतो. आमच्या भागात जे लोक गाडी सरळ चालवतात त्यांतले निम्मे तरी माझ्या हाताखालून गेलेले आहेत, आणि जे वाकडी चालवतात ते दुसरीकडे शिकले असणार, असं मी मानून चालतो. माझ्या गाडीच्या डोक्यावर शाळेची पाटी आहे आणि शिकणाऱ्याच्या शेजारी, म्हणजे मी बसतो त्या बाजूला, एक जादा ब्रेक. त्या एका ब्रेकच्या भांडवलावर मी संसार केला. त्यामुळे झालंय असं, की माझा उजवा पाय आता माझं ऐकत नाही. सिनेमात कोणी पळायला लागलं की तो पुढची खुर्ची दाबतो. मुलीच्या लग्नाच्या फोटोत सगळे हसताहेत आणि मी एकटा पाय रोवून, डोळे वटारून उभा आहे, कारण फोटोग्राफर उलटा उलटा चालत पायऱ्यांकडे निघाला होता. विद्यार्थी मला समोर सर म्हणतात आणि पाठीमागे ब्रेकमास्तर. मला हे माहीत आहे आणि आतून बरंही वाटतं.

बायको एका दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसते. घाबरलेल्या माणसाला बाकावरून उठवून आतल्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे तिचं खरं काम. "या, काही होत नाही," हे ती अशा आवाजात म्हणते की एक दात काढायला आलेला माणूस दुसराही दाखवतो. लग्नानंतर लगेच मी तिला गाडी शिकवायला घेतली होती. तिसऱ्याच दिवशी ती सिग्नलला गाडीतून उतरली, दार हळूच लावलं आणि चालत घरी गेली. मागच्या गाड्यांचे भोंगे अजून माझ्या कानात आहेत. त्यानंतर चारचौघांत विषय निघाला की मी म्हणायचो, काही लोकांच्या अंगातच रस्ता नसतो, त्याला शिकवणारा काय करणार. ती तिथेच बसलेली असायची. काही बोलायची नाही. आवाज न चढवता गप्प राहायचं ही तिच्या नोकरीतली सवय असावी, असा माझा समज होता.

तर लेकीने आणि जावयाने आम्हाला क्रूझवर नेलं. दोघं लांबच्या शहरात राहतात, भेट क्वचित होते, म्हणून चौघांनी आठवडाभर एकत्र राहायचं अशी कल्पना. आम्ही आमच्या शाळेच्या गाडीने बंदरापर्यंत गेलो, गाडी तिथल्या पार्किंगमध्ये ठेवली आणि जहाजावर चढलो. सुरुवातीचे दिवस छान गेले, कारण तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मग एका सकाळी प्रवाशांसाठी जहाजातल्या एका अधिकाऱ्याने माहितीचा कार्यक्रम ठेवला. मी पहिल्या रांगेत बसलो आणि माझ्या धंद्याला शोभेल असा प्रश्न विचारला, की याचा ब्रेक कोणत्या प्रकारचा आहे. अधिकारी अदबीने म्हणाला, जहाजाला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची.

लोक हसले. मीही हसलो. पण त्या क्षणापासून माझी सहल संपली. एवढी दहा-बारा मजली इमारत, आत पोहण्याचा तलाव, वर नाचणारी माणसं, आणि थांबवायचं कसं तर वाट बघून. त्यानंतर कुठल्याही बंदराला जहाज लागायची वेळ झाली की मी सर्वांत वरच्या डेकवर जाऊन कठड्याला धरून उभा राहायचो आणि पाय दाबायचो. प्रत्येक वेळी जहाज अगदी अलगद लागलं. जावई एकदा म्हणाला, "बाबा, तुम्ही होतात म्हणून." मी ते कौतुक म्हणून घेतलं. लेकीने नवऱ्याला कोपराने ढोसलं, तेव्हा कळलं.

उतरायच्या दोन दिवस आधी समुद्र खवळला. फार नाही, पण टेबलावरचे चमचे इकडून तिकडे सरकायला लागले. नाश्त्याच्या वेळी मी शेजारच्या टेबलावरच्या लोकांना समजावून सांगितलं, की ज्याला प्रवासाचा सराव असतो त्याला हे लागत नाही, सगळा खेळ नजरेचा असतो, लांब बघायचं. मग लांब बघण्यासाठी मी खिडकीकडे तोंड केलं. समुद्र वर आला, खाली गेला, परत वर आला. पुढचं मी सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो की ज्यांना मी उपदेश केला होता त्यांनीच मला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर नेलं आणि त्यांपैकी एकालाही काही झालेलं नव्हतं. दिवसभर मी केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून पडलो. बायको मधूनमधून येऊन पाणी देत होती, आणि बाकी वेळ वर डेकवर वाऱ्यात फेऱ्या मारत होती. एकदा ती सफरचंद खात आत आली. त्या आवाजाचा मला इतका राग आला की मी तिला म्हणालो, तुला काहीच कसं होत नाही. ती म्हणाली, मी जहाज चालवत नाहीये ना.

दुसऱ्या दिवशी समुद्र शांत झाला आणि माझ्या अंगात परत जोर आला, जो न आला असता तर बरं झालं असतं. जहाजावरचा नियम असा, की उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या. कर्मचारी त्या घेऊन जातात आणि सकाळी खाली बंदराच्या हॉलमध्ये मिळतात. आवराआवरीची सूत्रं मी हातात घेतली. जावयाने सांगितलं, सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतात, ओळखायला लाल रिबीन बांधू या. त्या तिघांनी बांधली. मी म्हणालो, मी पार्किंगमधल्या शंभर पांढऱ्या गाड्यांतून माझी गाडी नुसत्या उभं राहण्याच्या पद्धतीवरून ओळखतो, मला रिबीन नको. बायकोने सकाळचे कपडे बाजूला काढायची आठवण केली. मी म्हणालो, माझं सगळं झालंय.

जेवायला आम्ही ज्यांच्याबरोबर बसायचो त्या टेबलावर शेवटचा दिवस म्हणून सगळे मोकळे झाले होते. मी माझा ठेवणीतला किस्सा काढला. काही वर्षांपूर्वी भरदुपारी मला मुतखड्याची कळ आली, मी जमिनीवर गडाबडा लोळतोय, आणि मला दवाखान्यात नेलं कोणी तर लाँड्रीच्या टेम्पोने. हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी उतरवल्या आणि त्यांच्याबरोबर मलाही उतरवलं. तिथला माणूस विचारतो, हे इस्त्रीचं आहे का. या वाक्याला नेहमी हशा येतो, तसा आला. बायको नॅपकिनची घडी घालत होती. घडी झाली, तिने उलगडली, परत घातली. मी पाहिलं, पण किस्सा रंगात होता.

सकाळी उठलो आणि खुर्चीवर हात घातला. खुर्चीवर काही नव्हतं. कपाटात काही नव्हतं. मी आदल्या दिवशी सकाळची पँट इतकी काळजीपूर्वक, इस्त्रीच्या रेषेवर घडी घालून ठेवली होती, की ती बॅगेत सर्वांत वर ठेवली होती. रात्री जेवून आल्यावर अंगावरची पँटही मी तिच्यातच कोंबली होती, आणि बॅग गेली होती. अंगावर निळ्या पट्ट्यांचा पायजमा आणि बाहीला भोक पडलेला बनियन, एवढीच माझी इस्टेट. दाराच्या खुंटीवर आदल्या रात्री जेवताना घातलेला कोट तेवढा राहिला होता. मी पायजम्यावर कोट चढवला. आरशात बघितलं, आणि कोटाची बटणं लावल्याने पायजमा पँटसारखा दिसतो अशी स्वतःची समजूत घातली. बायकोने फक्त माझी कॉलर सरळ केली, जी नव्हती. म्हणजे बनियनचा गळा कोटाच्या आत ढकलला.

नाश्त्याला जहाजावरचे हजारेक लोक होते. लेक मला बघून थबकली आणि आईकडे गेली, दोघी जरा वेळ पाठ करून उभ्या राहिल्या. जावयाने स्वतःची जादा पँट देऊ केली असती, पण त्याची लाल रिबीन बांधलेली बॅगही खालीच गेलेली होती, आणि तो माझ्याहून वीतभर उंच आणि निम्म्या घेराचा. "बाबा, आत्मविश्वासाने चाला," तो म्हणाला, "लोकांना वाटेल फॅशन आहे." मी चाललो. एका लहान मुलीने तिच्या आईला विचारलं, हे काका आजारी आहेत का. आईने तिला पटकन पुढे ओढलं. मी आत्मविश्वास कमी केला.

खाली हॉलमध्ये बॅगांच्या रांगाच रांगा होत्या. लाल रिबीनवाल्या तीन बॅगा लगेच मिळाल्या. माझी बॅग मी उभं राहण्याच्या पद्धतीवरून शोधत होतो. सगळ्या तशाच उभ्या होत्या. हॉल रिकामा होत आला तेव्हा एक काळी बॅग उरली, तीही माझी नव्हती. कोणीतरी माझी घेऊन गेलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता विचारला आणि सांगितलं की तो माणूस परत आला की तुमची बॅग घरी पाठवू. मग कोटाखाली बघून म्हणाल्या, लवकर पाठवायचा प्रयत्न करू.

लेक-जावयाची विमानतळाची बस बाहेर उभीच होती. निरोप घेताना लेकीचे डोळे भरले. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही असे डुलताय का? गाडी चालवता येईल ना?" मी म्हणालो, तू जन्मायच्या आधीपासून चालवतोय. ती आईकडे वळून म्हणाली, "आई, आता तूच बघ." मला ते नेहमीचं, मुली आईला म्हणतात तसं वाटलं. आईने मान हलवली. बस गेली आणि आम्ही दोघं बायकोची तेवढी एक बॅग ओढत पार्किंगकडे निघालो.

डुलत मी होतोच. आठवडाभर जहाजावर काढल्यावर काही लोकांना जमिनीवर आल्यावरही जमीन हलल्यासारखी वाटते. मला ती हलत नव्हती, झुलत होती. पार्किंगच्या खांबांमधून मी पाय फाकवून, खलाशासारखा चालत गेलो. गाडीपाशी पोचलो, स्टिअरिंगसमोर बसलो आणि जीव भांड्यात पडला. हे माझं राज्य होतं. किल्ली फिरवली. समोरची भिंत सावकाश माझ्या अंगावर यायला लागली. मी ब्रेक दाबला. भिंत येतच राहिली. मी आणखी दाबला, दोन्ही पायांनी दाबला, हँडब्रेक ओढला तर तो आधीच ओढलेला.

"अहो," बायको म्हणाली, "गाडी उभीच आहे."

मी बाहेर बघितलं. गाडी उभीच होती. भिंतही होती तिथेच होती. तिने हात पुढे करून किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. मग तिने दवाखान्यातला तो आवाज काढला. "या, उतरा. काही होत नाही. तुम्ही या बाजूला बसा."

मी म्हणालो, आपण इथेच तास-दोन तास थांबू, मला बरं वाटेल. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत वाटणार नाही, आणि उद्या सकाळी मला कामावर जायचंय. मी म्हणालो, मग चालवणार कोण.

"मी," ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. पर्समधून तिने चष्म्याच्या डबीशेजारून लायसन काढून दाखवलं. फोटोत ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. मी विचारलं, कधी. तिने सांगितलं, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. मला आठवलं. त्या उन्हाळ्यात ती महिनोन्‌महिने उशिरा घरी यायची आणि सांगायची, दवाखान्यात गर्दी वाढलीय. मी विश्वास ठेवला होता. इतकंच नाही, तर मी गाडीत बसल्याबसल्या माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असायचो की लोकांचे दात फार बिघडत चाललेत, गोड कमी करा. दोघातिघांनी केलंही असेल.

कुठे शिकलीस, हे मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. ती समोरच्या बाईंकडे शिकली होती. समोरच्या बाई म्हणजे माझ्या शाळेच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे जिने शाळा काढलीय ती. मुळात माझीच विद्यार्थिनी, मग माझ्याकडेच शिकवायला होती, मग एक दिवस समोर निळी पाटी लागली. तेव्हापासून मी रस्त्याच्या त्या बाजूला बघत नाही, आणि रस्त्याची एक बाजू न बघणं हे ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला काही शोभत नाही. आता कळलं की तिकडे बघितलं असतं, तर संध्याकाळी आमच्याच घरची बाई त्या गाडीत चढताना दिसली असती.

बाजू बदलून बसलो. ती आरसा नीट करत पुटपुटली, "आरसा, इशारा, मग खांद्यावरून एक नजर." हे माझं वाक्य आहे. शब्दन्‌शब्द माझं. मीच समोरच्या बाईंना शिकवलं, त्यांनी हिला. फक्त मी ते ओरडून म्हणतो, त्यामुळे मला ते इतकं सोपं कधी वाटलं नव्हतं. गाडी पार्किंगमधून बाहेर पडली, वळली, मोठ्या रस्त्याला लागली. एक धक्का नाही, एक हिसका नाही. मी चूक शोधत होतो. माणूस किती हलकट असू शकतो बघा, पायजम्यात बसून मी बायकोच्या गिअर बदलण्यात चूक शोधत होतो.

मग पुढे एक ट्रक हळू झाला. तिने वेग कमी केला होता. पण माझ्या पायाखाली तो जादा ब्रेक होता, आणि पाय माझं ऐकत नाही हे मी आधीच सांगितलंय. गाडी कचकन थांबली. मागच्याने भोंगा वाजवला. मागच्या सीटवरची बॅग आमच्या सीटच्या पाठीवर आदळली. ती थोडी पुढे गेली, रस्त्याच्या कडेला जागा बघून गाडी उभी केली, इशारा चालू ठेवला.

समोर बघतच ती बोलली. "तुम्ही तो टेम्पोचा किस्सा सांगता ना, चादरींचा. तो तुमचा किस्सा आहे. माझा वेगळा आहे. तुम्ही फरशीवर पडून ओरडत होतात. खाली आपली गाडी उभी होती, डोक्यावर पाटी लावून. किल्ली माझ्या हातात होती. मी ती किल्ली घेऊन रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते. कोणी थांबेना. ड्रायव्हिंगच्या शाळेच्या गाडीला टेकून उभी असलेली बाई गाडीसाठी हात करतेय, लोकांना चेष्टा वाटली असेल. टेम्पो थांबला तेव्हा तुम्ही ओरडायचंही बंद केलं होतं. मला वाटलं... तेव्हाच ठरवलं होतं. वेळ मिळायला वर्षं गेली, एवढंच."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस.

"तुम्ही शिकवायला बसला असता," ती म्हणाली.

तो किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेल त्याला गणती नाही. दर वेळी ती शेजारी असायची, आणि दर वेळी मी सगळ्यांची तोंडं बघायचो, तिचं सोडून. मी म्हणालो, चूक झाली. ती म्हणाली, चूक नाही, पण आता त्या पेडलवर पाय ठेवायचा नाही. मी म्हणालो, मी ठेवत नाही, तो जातो. तिने जरा विचार केला आणि सांगितलं, "मांडी घालून बसा."

मी मांडी घालून बसलो. कोट, बनियन, पट्ट्यांचा पायजमा आणि मांडी, वर पट्टा लावलेला. एका सिग्नलला शेजारच्या बसमधले लोक खिडकीतून बघायला लागले. गाडीच्या डोक्यावर ड्रायव्हिंग शाळेची पाटी, स्टिअरिंगवर एक शांत बाई, आणि शेजारी हा असा. त्यांना मी कोण वाटलो असेन देव जाणे. मी डोळे मिटून घेतले. पाच मिनिटांनी उघडावेत म्हणून मिटले होते. उघडले तेव्हा उन्हं कलली होती, रस्ता ओळखीचा होता, आणि गाडीत मला झोप लागली होती. चालत्या गाडीत पुढच्या सीटवर मी कधी झोपलो नव्हतो. इतकी वर्षं शेजारी कोणीही असलं तरी मी जागा राहिलो, कारण मी जागा आहे म्हणून गाडी रस्त्यावर आहे असं मला वाटायचं. ती माझ्या झोपेत घाट उतरून आली होती. मी विचारलं, घाटात त्रास झाला का. ती म्हणाली, घोरण्याचा झाला.

घरासमोरची जागा अरुंद आहे. तिथे मीसुद्धा दोनदा मागेपुढे करतो. तिने एकदाच मागे घेतली आणि लावली. मी उतरायला गेलो तर पाय गायब. मांडी घालून दोन्ही पाय बधिर झाले होते. मी तसाच दार उघडून बसून राहिलो आणि ती बॅग वर घेऊन गेली. शेजारचे शिंपीकाका दुकान बंद करत होते, ते आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काळजीने विचारलं, दवाखान्यातून आणलं का. मी म्हणालो, हो, चौकशीबद्दल आभारी आहे. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

बॅग आठवड्याने घरी आली. वरच पँट होती, घडी मोडलेली नव्हती.

त्याच सुमारास एका दुपारी मी रस्ता ओलांडून निळ्या पाटीखाली गेलो. मनात बरंच काही जुळवून नेलं होतं. समोरच्या बाई मला बघून उभ्या राहिल्या, जुन्या सवयीने "सर, बसा" म्हणाल्या आणि स्वतःची खुर्ची दिली, तिथेच माझी निम्मी वाक्यं गेली. चहा आला. मी एवढंच विचारलं, की माझी बायको विद्यार्थिनी म्हणून कशी होती. त्या म्हणाल्या, "अगदी तुमच्यासारखी, सर. फक्त चुकल्यावर त्या रस्त्याला दोष देत नाहीत." चहा चांगला होता. मी आणखी अर्धा कप घेतला.

आता घरात एक बदल झालाय. शाळेला सुट्टी असते त्या दिवशी गाडीची किल्ली तिच्याकडे असते. परवा तिला तिच्या बहिणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. तुम्ही येता का, असं मला विचारलंय. पुढे बहीण बसणार आहे. मला मागे बसावं लागेल, आणि बहिणीच्या पिशव्या मांडीवर घ्याव्या लागतील. मी येतो म्हणालोय.